त्रेचाळिसाव्या प्रश्नासमोरची फुली

मुलं माझ्यामागे मला ‘त्रेचाळीस’ म्हणतात. त्यांना वाटतं, मला ठाऊक नाही. प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकलं की आतून कुजबुज येते, “आली त्रेचाळीस,” आणि सगळे आपापल्या काचेच्या बशांवर असे वाकतात, जणू जन्मल्यापासून जंतूच मोजत बसलेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न प्रत्येकाला विचारतेच, प्रश्नसंचातला त्रेचाळिसावा: रुग्णाला ताप आहे, पण रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतूंची वाढ नाही, याची चार कारणे सांगा. मुलं धडाधड चार कारणं सांगतात. मग मी म्हणते, “आणि पाचवं?” पाचवं छापलेलं नाही, त्यामुळे भल्याभल्यांची बोलती बंद होते. खाष्ट म्हणतात मला. आहेच मी खाष्ट.

मी विद्यार्थिनी होते तेव्हाही हाच संच होता. एकशे वीस प्रश्न, मागच्या पानांवर उत्तरं. काही जंतूंवर, काही विषाणूंवर, उरलेले जनुकांवर. मी उत्तरं घोकायची आणि आई प्रश्न विचारायची. आई लोकांचे कपडे शिवायची. घरात आम्ही दोघीच. सातवीत शाळा सुटलेली, तरी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, मशीन थांबवून, ती एकेक प्रश्न अडखळत वाचायची. ‘प्लाझ्मिड’ तिला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. पण मी उत्तरातला एक शब्द जरी गाळला, तरी तिचं बोट नेमकं त्या शब्दावर थांबायचं.

“ही जंतूंची नावं म्हणजे माझ्या सासरची माणसं बघ,” ती म्हणायची. “लांबलचक, आणि अडीअडचणीला एक कामाचा नाही.”

उत्तर बरोबर आलं की ती शिवणाच्या खडूने प्रश्नासमोर बरोबरची खूण करायची. चुकलं की फुली. ही फुली तिच्या धंद्यातली. कापडावर फुली म्हणजे इथली शिवण उसवायची आणि नव्याने घालायची. कागद झटकला की खडू निघून जायचा आणि तोच संच पुन्हा पहिल्यापासून. त्रेचाळिसाव्यासमोर फुली कधीच आली नाही. त्याचं पहिलं कारण तर ऐकून ऐकून तिलाही पाठ झालं होतं: नमुना घेण्याआधीच रुग्णाने अँटिबायोटिक घेतलेले असणे.

परीक्षेला महिना उरला आणि आईला ताप यायला लागला. रोज संध्याकाळी, थोडासाच. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिने दाढ काढून घेतली होती, आणि तिच्या हृदयाची एक झडप लहानपणापासून अधू होती. दाढ, झडप, ताप. हे तीन शब्द कुणी पेपरात दिले असते तर मी झोपेतसुद्धा उत्तर लिहिलं असतं: दाढेच्या जखमेतून जंतू रक्तात शिरतात आणि अधू झडपेवर घर करतात. पण हे आजारपण घरातलं होतं, आणि त्यामुळे माझा अभ्यास मोडत होता. मला चक्क रागच आला होता तिचा. माझा घसा धरला होता तेव्हाच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या ड्रॉवरमध्ये उरल्या होत्या. त्या मी तिला तीन दिवस दिल्या. ताप उतरला. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. गोळ्या संपल्या आणि दोन दिवसांत ताप परत आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि रक्ताचं कल्चर करायला सांगितलं. आईने तेवढ्यात माझं कौतुक करून घेतलंच. “माझी मुलगी हेच शिकते, जंतूंचं.”

“अरे वा,” डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “मग तुम्हीच सांगा. अँटिबायोटिक काही घेतलंय का यांनी?”

संचातला एकसष्टावा प्रश्न अँटिबायोटिक अर्धवट घेण्याच्या धोक्यांवर होता. त्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. आपण तेच केलं, हे त्या माणसासमोर कसं कबूल करायचं?

“नाही,” मी म्हणाले. “फक्त तापाची गोळी.”

आईने माझ्याकडे पाहिलं. परक्या माणसासमोर तिने मला कधी खोटं पाडलं नव्हतं. तेव्हाही नाही.

पाच दिवसांनी अहवाल आला. वाढ नाही. डॉक्टर म्हणाले, “ताप राहिला तर थांबू नका, लगेच या.” मी मान डोलावली. घरी आल्यावर आई चाचरत म्हणाली, “अगं, त्या तुझ्या गोळ्या... आपला त्रेचाळिसावा नाही का? आधीच औषध घेतलं असेल तर दिसत नाहीत ना जंतू?”

“आता तू मला शिकवणार का?” मी फिस्कारले. “तो परीक्षेतला प्रश्न आहे, आई. तुला व्हायरल झालंय. जाईल आपोआप.”

“बरं बाई,” ती हसून म्हणाली. “तू म्हणतेस तर तसं.”

पुढचे नऊ दिवस मी सकाळीच वाचनालयात जायची आणि अंधार पडल्यावर यायची. ताप आहे का, हे विचारायचंसुद्धा टाळायची. दहाव्या दिवशी सकाळी तिच्या हातातून कात्री पडली. उचलायला वाकली ती उठलीच नाही. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. झडपेवर जंतूंचा थर साचला होता आणि त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला होता.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला आणि मी खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “हे तेव्हा कळलं असतं, तर पुन्हा रक्त घेतलं असतं, हृदयही तपासलं असतं,” एवढंच म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. पाचवं कारण ते हे: रुग्णाबरोबर आलेल्या माणसाने खोटे सांगितलेले असणे. आई दोन दिवसांनी गेली. त्या दोन दिवसांत तिला एक शब्दही बोलता आला नाही.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी संच शोधला. तो मशीनच्या ड्रॉवरमध्ये होता, कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या बाहीखाली. त्यावर एकच खूण होती. त्रेचाळिसाव्यासमोर फुली. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही संच झटकून ठेवला होता, आणि त्यानंतर मी तिच्यासमोर एकही उत्तर म्हटलं नव्हतं. ती अंगात ताप घेऊन एकटीच बसली असणार आणि ‘व्हायरल झालंय’ हे माझं उत्तर तिने एकटीनेच तपासलं असणार. उत्तर चुकलंय, उसवायला हवं, हे तिला कळलं होतं. आणि तरी ती गप्प राहिली, कारण माझी परीक्षा जवळ आली होती.

तो कागद मी अजून झटकलेला नाही.