साडीच्या दुकानातून सहाव्या मजल्यावर

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या जगन्नाथकाकांच्या दुकानातून स्कोकी उपनगरातल्या एका बाईंनी कांजीवरम नेली. घरी जाऊन घडी मोडली, तर आतून एक कार्ड पडलं. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पोटॅशियम कमी झालं तर : पायात गोळे, थकवा, हृदयाचे ठोके चुकणं.' बाईंनी घाबरून दुकानात फोन लावला. ही साडी धुण्याची काही सूचना आहे का?

काकांनी फोन ठेवला आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला हाक मारली, "गिरिजा, तुझं पोटॅशियम स्कोकीला पोचलंय."

गिरिजाने जीभ चावली. नर्सिंग कॉलेज सुरू होऊन तिला दोनच महिने झाले होते. सोमवार-मंगळवार वर्ग, बुधवार-गुरुवार सकाळी पावणेसातपासून हॉस्पिटलात शिकाऊ ड्यूटी, आणि शुक्रवार ते रविवार साड्यांचं दुकान. अभ्यासाला वेळ उरायचा तो बसमध्ये, नाहीतर दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये. म्हणून ती कार्डं जवळ ठेवायची. साड्यांच्या घड्या घालता घालता पाठ करायची आणि कधीतरी एखादं कार्ड घडीतच राहायचं.

गिरिजा भंडाऱ्याची. बी.एस्सी. झालेली. लग्नानंतर परीक्षितबरोबर शिकागोला आली. तो सॉफ्टवेअरमध्ये. तिच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, त्यात आठ वर्षं गेली. ग्रीन कार्ड आलं आणि घराजवळ मिळालं ते पहिलं काम तिने धरलं. जगन्नाथकाका मूळचे इचलकरंजीचे, सुमित्राकाकूंबरोबर तीस वर्षं हे दुकान चालवत होते. साड्या विकता विकता चार वर्षं झाली. मग अनिकाचं, तिच्या मुलीचं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि चार दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. डॉक्टर दिवसातून पाच मिनिटं यायचे. बाकी सगळं एक नर्स करायची. दुखतंय की भीती वाटतेय हे ती पोरीच्या चेहऱ्यावरून ओळखायची. चौथ्या दिवशी घरी परतताना गिरिजा परीक्षितला म्हणाली, "मला हे काम करायचंय."

भंडाऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "बी.एस्सी. होऊन लोकांची बेडपॅन उचलणार?"

"हो, तेही," गिरिजा म्हणाली.

पण पहिल्या सेमिस्टरमध्येच ती एका सोप्या परीक्षेत अडकली. नाडी मोजणं आणि ब्लडप्रेशर घेणं. तिच्या शिक्षिका मिस रेयेस. त्या स्वतः तीस वर्षं नर्स होत्या. त्यांच्यासमोर गिरिजाने एकदा मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि वेगळाच आकडा लिहिला.

मिस रेयेस यांनी कागद पाहिला. "तुझा पहिला आकडा बरोबर होता. का बदललास?"

"मला वाटलं, मीच चुकले असेन."

"नेहमीच असं वाटतं का?"

मिस रेयेस यांनी तिला नापास केलं आणि पुढच्या आठवड्यात परत यायला सांगितलं. "तोवर भेटेल त्याचा हात धर आणि मोज. तुझ्या बोटांना कळतंय. तुला कळायचं बाकी आहे."

त्या शुक्रवारी दुकानात जो येईल त्याचा हात गिरिजाने धरला. ब्लाउजपीस बघायला आलेल्या बायका, समोरच्या मिठाईवाल्याचा कारागीर, पत्रं टाकायला आलेला पोस्टमन. बायकांना मजा वाटली. एकीने तर साडी घेतली नाही, पण नाडी मोजून घेतली.

संध्याकाळी गर्दी ओसरली तसा काकांनी शर्टाची बाही वर केली. "आमचंही बघ. इचलकरंजीचं इंजिन आहे."

गिरिजाने मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके आले, मग एक चुकला. मग तीन भराभर. मग थांबून एक. तिने पूर्ण मिनिट मोजलं. पुन्हा मोजलं. ठोक्यांना ताल असा नव्हताच.

माझंच चुकतंय, तिच्या मनात आलं. दिवसभर उभी आहे, बोटं बधिर झाली असतील.

ती काकूंकडे गेली. "काकू, हात द्या." काकूंची नाडी शहात्तर, घड्याळासारखी. परत काकांकडे आली. पुन्हा तोच गोंधळ. म्हणजे बोटं ठीक होती.

"काका, तळघरातून गठ्ठे वर आणताना तुम्ही मधेच थांबता. दम लागतो का?"

"वय झालं, थांबायचं नाही? आणि हल्ली गॅसेस होतात."

"ठोके बरोबर नाहीत तुमचे. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊन या."

काका हसले. "दोन महिन्यांत डॉक्टर झालीस? परवा तर नापास झालीस ना?"

ते खोटं नव्हतं. गिरिजाचे कान तापले. एरवी ती इथेच गप्प बसली असती. पण तिला मनगटातला तो अडखळणारा ठोका अजून बोटांवर जाणवत होता.

"हो, झाले नापास. तरी तुम्ही जाऊन या."

"उद्या शनिवार. लग्नाची तीन गिऱ्हाइकं आहेत."

"मी आणि काकू बघू."

"मी नाही जात."

"मग मी उद्या काउंटरला उभी राहणार नाही."

काकूंच्या हातातली साडी अर्ध्या घडीत थांबली. काकांचा चेहरा लाल झाला. "मला धमकी देतेस? कामावरून काढू का तुला?"

"काढा," गिरिजा म्हणाली. "पण डॉक्टरांकडून आल्यावर काढा."

काका आत गेले. गिरिजा घरी आली, परीक्षितला म्हणाली, "बहुतेक नोकरी गेली."

सकाळी साडेदहाला ती दुकानावर पोचली, तर शटर काकूंनी उघडलं होतं. त्या एकट्याच होत्या. "आठ वाजता गेलेत. चिडूनच गेलेत," काकू म्हणाल्या. "पण गेलेत."

दुपारी दोनला काका आले. हातात औषधाची पिशवी होती. ती काउंटरवर ठेवून ते स्टुलावर बसले.

"ईसीजी काढला," ते म्हणाले. "हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात म्हणे. त्यात रक्ताची गाठ होते आणि मेंदूत जाते. डॉक्टरांनी विचारलं, कुणी ओळखलं? म्हटलं, आमच्या दुकानातल्या पोरीने. ते म्हणाले, अजून काही महिने गेले असते तर तुम्ही कदाचित अर्धांगवायू झाल्यावरच आला असता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. काका गिरिजाकडे वळले. "काढायचं होतं ना तुला? तर ऐक. परीक्षेच्या आठवड्यात यायचं नाही. त्या आठवड्यात आलीस तर मात्र काढीन."

पुढच्या बुधवारी मिस रेयेस यांच्यासमोर गिरिजाने एकदाच मोजलं, एकदाच लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. पास.

म्हणून पुढची वाट सोपी झाली असं नाही. दुसऱ्या वर्षी औषधांच्या पेपरला ती काठावर निघाली. एका सकाळी बर्फात बस अडली आणि ती दोन मैल चालत ड्यूटीवर गेली. अनिकाच्या शाळेतली दोन कॉन्सर्ट चुकली. त्यातल्या दुसऱ्या वेळी अनिका एवढंच म्हणाली, "इट्स ओके, आई," आणि त्या ओकेने गिरिजा बाथरूममध्ये जाऊन रडली. परीक्षित पोळ्या लाटायला शिकला. त्या कधीच गोल झाल्या नाहीत, पण मऊ असायच्या. काका वेळेवर गोळ्या घेत होते आणि गठ्ठे वर आणायला आता छोट्या लिफ्टची सोय केली होती.

डिसेंबरमध्ये डिग्री झाली. फेब्रुवारीत लायसन्सची परीक्षा. संगणकावर प्रश्न येत राहतात आणि निकाल पक्का झाला की स्क्रीन बंद होते, पास असो की नापास. गिरिजाची स्क्रीन पंच्याऐंशीव्या प्रश्नाला बंद झाली. त्याआधी होतच नाही. ती पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. इतकं वाईट झालं की लगेच थांबवलं? की इतकं चांगलं? दोन दिवसांनी निकाल आला. पास. परीक्षितने तो मोबाइलवर तीनदा वाचून दाखवला.

आता पहिली नोकरी. तिने अकरा ठिकाणी अर्ज केले. सहा ठिकाणांहून उत्तरच आलं नाही, चार ठिकाणी 'अनुभव हवा' म्हणून नकार. अकराव्या ठिकाणाहून, एका मोठ्या हॉस्पिटलच्या हृदयविकार विभागातून, मुलाखतीचं बोलावणं आलं.

घरी तयारी सुरू झाली. परीक्षित टेबलापलीकडे मॅनेजर होऊन बसायचा, अनिका ऐकायची.

"सांगा, तुम्ही आम्हाला का हव्या आहात?"

"सॉरी, म्हणजे मला जास्त अनुभव नाही, पण..."

"आई!" अनिकाने टेबलावर हात आपटला. "यू सेड सॉरी. अगेन. दॅट्स फोर टाइम्स."

"सॉरी," गिरिजा म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

काकूंनी तिच्या ब्लेझरच्या बाह्या आखूड करून दिल्या. मुलाखतीला तीन जणी होत्या. मधोमध विभागाच्या मॅनेजर मिसेस कोवाल्स्की, केस पांढरे, चष्मा नाकावर. त्यांनी अर्ज वाचला आणि सरळ विचारलं, "सहा वर्षं तुम्ही कपड्यांच्या दुकानात होता. माझ्या मजल्यावर त्याचा काय उपयोग?"

याचं पाठ केलेलं उत्तर गिरिजाकडे होतं. ते आठवेना. मग जे खरं होतं ते ती बोलली. "आमच्याकडे बायका येतात आणि म्हणतात, नुसतं बघतेय. पण एका साडीवरून त्यांचा हात निघत नाही. मी तोंडाकडे कमी बघते, हाताकडे जास्त. पेशंटही म्हणतात, मी ठीक आहे."

मिसेस कोवाल्स्की यांनी पेन खाली ठेवलं. "खोलीत सगळ्यांत कमी अनुभव तुमचा होता आणि तरी तुम्ही बोललात, असं कधी झालंय?"

गिरिजाने काकांची गोष्ट सांगितली. नाव न घेता, पण सगळी. आपण नापास झालो होतो हेही, आणि आधी आपल्याच बोटांवर विश्वास बसला नाही हेही.

शेजारच्या तरुण नर्सने विचारलं, "आणि तुम्ही चुकला असता तर?"

"तर त्यांची एक सकाळ गेली असती आणि माझी नोकरी," गिरिजा म्हणाली. "बरोबर असून गप्प बसले असते, तर त्यांचा अर्धा देह गेला असता. त्यातली कोणती चूक मला झेपेल, एवढंच मी ठरवलं."

बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, तासाभरात एकदाही सॉरी म्हटलं नव्हतं.

शनिवारी दुकानात लग्नाची गर्दी होती. एका नवरीला नऊवारी नेसवून बघायची होती. गिरिजा गुडघ्यावर बसून निऱ्या घालत होती, ओठांत चार सेफ्टी पिना. काउंटरवर तिचा मोबाइल वाजला. काकूंनी नाव वाचलं आणि घाईने स्पीकर लावून तिच्या कानापाशी धरला.

"गिरिजा? कोवाल्स्की बोलतेय. तुम्ही आमच्याकडे यावं अशी आमची इच्छा आहे. काय म्हणता?"

गिरिजाच्या तोंडात पिना होत्या, हातात निऱ्या. तिने डोळे मोठे करून काकूंकडे पाहिलं. नवरीला सगळं कळलं. तिने खाली वाकून स्वतःच्या निऱ्या स्वतः धरल्या. गिरिजाने पिना काढून हातात घेतल्या.

"येस," ती म्हणाली. मग, नीट ऐकू गेलं नसेल म्हणून, मोठ्याने, "येस! मी येतेय!"

दुकानात टाळ्या पडल्या. नवरीची आई, जिने गिरिजाला आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं, तिने तिला मिठी मारली. काका तसेच शर्टाच्या बाह्या सावरत रस्त्यावर गेले आणि मिठाईवाल्याच्या दारात उभं राहून ओरडले, "आमची गिरिजा नर्स झाली! हार्टची!" मग परत येऊन डोळे पुसत म्हणाले, "आता नवीन माणूस बघायला हवं. आणि तुझ्यासारखी मिळाली तर तीही पळून जाईल." गिरिजाने वाकून त्यांना नमस्कार केला आणि नवरीच्या उरलेल्या निऱ्या पुऱ्या केल्या. साडी अर्धवट सोडायची तिला सवय नव्हती.

एप्रिलच्या एका सोमवारी सकाळी सात वाजता ती हॉस्पिटलच्या सहाव्या मजल्यावर उभी होती, निळ्या कपड्यांत, तिला शिकवणाऱ्या अनुभवी नर्सच्या शेजारी. आधीच्या पाळीच्या नर्सने चार पेशंटची माहिती दिली. ती गिरिजाने लिहून घेतली. मग ती पहिल्या खोलीत शिरली. पलंगावर एक म्हातारे गृहस्थ उशीला टेकून बसले होते.

"गुड मॉर्निंग. माझं नाव गिरिजा. आज मी तुमची नर्स."

"काय नाव म्हणालात?"

"गि-रि-जा."

त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा जमलं. "बरं गिरिजा, पाणी मिळेल का?"

तिने आधी स्क्रीनवर बघितलं. दिवसाला दीड लिटरच, त्याहून जास्त नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. तिने अर्धा कप पाणी भरलं, त्यांच्या हातात दिलं, आकडा नोंदवला आणि खुर्ची ओढून विचारलं, "आता सांगा, झोप कशी लागली?"