मागच्या अंगणातला उंटकटारा

गिरगावातल्या आल्मेडावाडीत रूथ परेराचं घर सगळ्यात शेवटचं. मागे हातरुमालाएवढं अंगण, अंगणाला पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे टॉवरचा खड्डा. तिथं तीन मजली तळघर होणार होतं.

रूथचा नवरा रूपर्ट जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा कॅल्विन बायकोबरोबर भायखळ्याला राहायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की यायचा, जेवायचा आणि निघताना म्हणायचा, "मम्मी, बस झालं आता एकटीनं राहणं. आमच्याकडे चल." रूथ त्याच्या हातात डबा द्यायची आणि विषय तिथंच मिटवायची.

त्या वर्षी गणपतीच्या सुमारास स्वयंपाकघराच्या पायरीजवळ एक रोप उगवलं. पानं कातरलेली, वरून हिरवी, खालून पांढरी लवदार, आणि प्रत्येक टोकाला काटा. रूथनं उपटायला हात घातला आणि बोट तोंडात धरून मागे आली. राहू दे, म्हणाली. तसंही अंगणात दुसरं काही धड जगत नव्हतं. पूर्वी तिथं शेवाळावरून पाय घसरायचा, अळू इतकं माजायचं की अख्ख्या वाडीला पुरायचं. यंदा पाऊस भरपूर झाला, तरी अळू पिवळं पडून बसलं. केळीची पानं कडेनं करपली. सर थांबली की बघता बघता फरशी वाळायची. टॉवरच्या सिमेंटची धूळ बसते, दुसरं काय, असं रूथला वाटलं.

ते रोप मात्र कंबरेपर्यंत आलं. दिवाळीनंतर त्याला काटेरी चेंडू धरले आणि चेंडूंवर फिकट निळी फुलं फुलली. रूथला ती फार आवडली. नाताळला येशूजन्माचा गोठा मांडायचा, त्यात हीच लावायची, असं तिनं ठरवलं.

समोरच्या घरातले अप्पा इनामदार बँकेतून रिटायर झालेले. एका दुपारी सुनेनं दिलेल्या चकल्या घेऊन ते आले आणि मागच्या दारातच थबकले.

"रूथबाई, हे इथं कधीपासून आहे?"

"गणपतीपासून. छान आहे ना?"

"उंटकटारा हा. माझं आजोळ माण तालुक्यातलं. तिथल्या माळावर उगवतो. नुसता मुरूम आणि दगड. पाणी ओतलं तरी ठरत नाही, अशा जागी."

"पाखरानं आणलं असेल बी."

"बी पाखरानं आणलं असेल," अप्पा म्हणाले. "पण माळ कोणी आणला?"

रूथ हसली. अप्पा हसले नाहीत. ते तिला वाडीच्या तोंडाशी असलेल्या विहिरीवर घेऊन गेले. विहिरीवर लोखंडी जाळी होती, पण भर उन्हाळ्यातही आत पाणी चमकताना दिसायचं. अप्पांनी जाळीतून खडा टाकला. दोघं कान देऊन उभे राहिले. खडा दगडावर आपटला आणि गडगडत गेला.

टॉवरचा पंप चालूच होता. तो सतत चालायचा, रूथला आता त्याचा आवाज जाणवतही नसे. जाड पाइपातून पाणी गटारात पडत होतं. स्वच्छ, नितळ पाणी.

"हे नुसतं खड्ड्यातलं पाणी नाही," अप्पा म्हणाले. "आपल्या पायाखालचं आहे. ते उपसलं की जमीन पोकळ होते."

दोघं टॉवरच्या साइट ऑफिसात गेले. स्वप्नील नावाच्या तरुण इंजिनीअरनं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. सगळ्या परवानग्या आहेत, काळजीचं काही नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. पण ते निघाले तसा तो रूथच्या मागे फाटकापर्यंत आला.

"काकी, तुम्ही झोपता कुठल्या खोलीत?"

"मागच्या. का रे?"

त्यानं एकदा ऑफिसकडे वळून पाहिलं. "थोडे दिवस पुढच्या खोलीत झोपा," एवढंच म्हणाला आणि झपाझप आत निघून गेला.

रूथनं त्या संध्याकाळी गादी पुढच्या खोलीत ओढली. मागचं दार आता घट्ट बसायला लागलं होतं, खांदा लावावा लागायचा. चालताना स्वयंपाकघरातल्या लाद्या पोकळ वाजायच्या. भिंतीला चीर पडली, तिच्यावर रूथनं चर्चचं कॅलेंडर टांगलं.

"कॅल्विनला सांगितलंत?" अप्पांनी विचारलं.

"सांगितलं की तो त्याच दिवशी मला इथून उचलून नेईल. एवढा नाताळ घरात होऊ दे, अप्पा."

"मग मी सांगतो."

"माझी शपथ आहे तुम्हाला."

अप्पांनी शपथ पाळली. पण त्या दिवसापासून ते तिच्याकडे चहाला थांबेनासे झाले. दारातूनच विचारपूस करायचे.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी कॅल्विन आणि त्याची बायको रोशेल जेवायला आले. जेवण झाल्यावर रोशेल मागे हात धुवायला गेली आणि दंडावर लांब ओरखडा घेऊन परतली.

"मम्मी, हे काय जंगल वाढवून ठेवलंयस?" कॅल्विननं कोपऱ्यातली पहार उचलली. "आधी हे काढतो."

"कॅल्विन, राहू दे रे."

"का?"

रूथनं तोंड उघडलं. आता सांगायला हवं होतं. टेबलावर अजून नाताळचे तळलेले फुगे होते, केक अर्धा कापलेला होता.

"त्याला फुलं आहेत," ती म्हणाली.

कॅल्विन हसत बाहेर गेला. मूळ खोल होतं. त्यानं पहार घातली तर ती सहज आत शिरली. दुसऱ्या घावाला ती त्याच्या हातातून सुटली आणि जमिनीत गेली. नुसती गेली. पडल्याचा आवाज आला नाही.

त्यानं मान वर केली. "मम्मी..."

आणि अंगण खाली बसलं. मोठा आवाज झालाच नाही, पोतं रिकामं होताना होतो तसा झाला. पायरी गेली, केळ गेली, मागची भिंत वाकून त्याच खळग्यात उतरली. धूळ खाली बसली तेव्हा कॅल्विन छातीपर्यंत दगडामातीत होता आणि हळूहळू आणखी आत जात होता. रोशेल किंचाळत होती. अप्पा धावत आले, कपडे वाळत घालायचा नायलॉनचा दोर ओढून काढला, तो बाजूच्या खिडकीच्या गजाला बांधला आणि दुसरं टोक कॅल्विनकडे फेकलं. "काखेखालून घे! काखेखालून!" कॅल्विननं कसाबसा दोर घेतला. रूथ पालथी पडून मागच्या दाराच्या उरलेल्या उंबऱ्यावरून त्याचं मनगट धरून होती. फायर ब्रिगेड येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

संध्याकाळपर्यंत आल्मेडावाडी रिकामी करायला सांगितलं. लोक हाताला लागेल ते घेऊन रस्त्यावर उभे होते.

कॅल्विनचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशननंतर त्याला शुद्ध आली तेव्हा रूथ पलंगाशी बसलेली होती. केसात अजून माती होती.

"अप्पा बोलले मला," तो म्हणाला. "अँब्युलन्समध्ये. तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

रूथनं त्याच्या हाताकडे हात नेला. कॅल्विननं आपला हात चादरीखाली ओढून घेतला आणि मान भिंतीकडे वळवली. रोशेलनं सासूला पाण्याचा ग्लास दिला. रूथ तो दोन्ही हातांत धरून बसून राहिली.