कुंभात न हरवलेला भाऊ

डॉ. निवृत्ती बोरस्ते नाशिकच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. माणसाच्या आठवणीवर विश्वास ठेवू नये, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. माणसाच्या म्हणजे अर्थात इतरांच्या. स्मृती ही धान्याची कणगी, वरून भरावं आणि खालून काढावं, ही समजूत ते वर्गात पहिल्या तासालाच निकालात काढत. मग सांगत की आठवण साठवलेली नसते. ती भाकरीसारखी दर वेळी नव्यानं थापावी लागते, पीठ जुनं आणि पाणी आजचं. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की आता मुलंच ते त्यांच्या आधी म्हणून मोकळी होत.

परदेशात एक प्रयोग झाला होता. लहानपणी तुम्ही बाजारात हरवला होतात, असं धादांत खोटं लोकांना सांगितलं, तर त्यातल्या काहींना ते हळूहळू आठवायला लागलं. सरांना हा प्रयोग आपल्या मातीत करायचा होता, आणि नाशिककराला हरवायला सिंहस्थासारखी जागा नाही. पहिला माणूस म्हणून त्यांनी घरचाच निवडला. धाकटा भाऊ दीपक दिंडोरीजवळच्या गावी द्राक्षबाग बघायचा, आणि भावाच्या शब्दाबाहेर नव्हता.

आधी त्यांनी आईला फोन करून खात्री केली आणि बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं. सगुणाबाईंनी स्पष्ट सांगितलं की दीपक लहान असताना जो सिंहस्थ आला, त्याला घरातलं कुणीच गेलं नव्हतं. दोन्ही पोरांना कांजिण्या होत्या.

मग सरांनी दीपकला बालपणीचे चार प्रसंग सांगितले. तीन खरे होते. चौथा, कुंभाच्या गर्दीत तो हरवल्याचा, कालच रचलेला. दीपक म्हणाला, असं काही आठवत नाही. सर म्हणाले, सावकाश आठवून बघ.

पुढच्या आठवड्यात दीपकनं स्वतःहून फोन केला. एका साधूनं त्याला केळं दिलं होतं आणि भोंग्यावरून त्याचं नाव पुकारत होते. सर खुर्चीतून उठून उभेच राहिले. नंतरच्या फोनात पोलिसांचा तंबू आला, त्यातल्या घोंगडीचा वास आला. त्याच्याही पुढच्या फोनात दीपक जरा अडखळत म्हणाला की तेव्हा त्याचा हात भाऊच्या हातात होता, आणि भाऊ फुगेवाल्याकडं बघायला लागला म्हणून तो सुटला. सरांना वाटलं, शोधनिबंधाला याहून चांगला पुरावा कुठला?

प्रयोग संपला की खरं सांगायचं, असा नियम असतो. सर बायकोला, हर्षालीला, घेऊन गावी गेले. ओट्यावर लॅपटॉप उघडून त्यांनी आकृत्यांसह सगळं समजावलं. दीपकनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी हरवलोच नाय, असं म्हणतो तू?"

"नाही. ते मीच रचलं होतं."

"आन् ती घोंगडी?"

"ती तू रचलीस."

दीपकनं लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं. मग म्हणाला, "भाऊ, चूक झाली तर झाली म्हणावं. त्यासाठी एवढं शास्त्र कशाला आणायचं?"

सरांनी आईचं रेकॉर्डिंग लावलं. कांजिण्यांचं सगळं तिच्याच आवाजात होतं. सगुणाबाईंनी ते ऐकलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "तुझी लाज झाकायला बोलले असेल मी तसं. आईला दोन्ही लेकरं सारखीच असत्यात."

परतताना सरांनी हर्षालीकडून आधाराची अपेक्षा केली. ती म्हणाली की ते तिलाही एकदा पंचवटीत देवळाबाहेर विसरून एकटेच घरी आले होते, तेव्हा तिला यात नवल वाटत नाही. सरांना ते अजिबात आठवत नव्हतं.

गोष्ट भाऊबंदांत पसरली. एका लग्नात सावित्रीआत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या की रडणाऱ्या दीपकला त्यांनीच कडेवर घेतलं होतं. सरांनी पुनर्रचनेचा सिद्धांत मांडायला सुरुवात केली, तसे लोक एकेक करून जेवायला उठले. दीपक भेटला की बोलायचा, पण तुटक. दर वर्षी न चुकता येणारी द्राक्षांची पेटी त्या वर्षी आली नाही. आई फोनवर एवढंच म्हणे, मोठा तू आहेस, दोन शब्दांनी तुझं काय जातंय?

दीपकच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सरांनी शेवटी हात टेकले. एरवी सभागृहं गाजवणारा हा माणूस मांडवात उभा राहून, पुराव्यानिशी न घडलेल्या गोष्टीसाठी, म्हणाला, "दीपक, त्या दिवशी हात सुटला. चुकलं माझं."

दीपकनं त्यांना मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. आईनं दोघांच्या तोंडावरून हात फिरवला. सरांचेही डोळे भरून आले, आणि ते का भरून आले, हे त्यांच्या विषयातलं असूनही त्यांना सांगता आलं नसतं.

जेवणाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्यानं कुतूहलानं विचारलं की हे सगळं रामकुंडावरच झालं ना?

"रामकुंडावर नाही हो," सर जरा वैतागून म्हणाले. "अलीकडं, गाडगे महाराज पुलापाशी. फुगेवाला डाव्या हाताला उभा होता."

वाढायला आलेली हर्षाली वरणाची पळी तशीच धरून त्यांच्याकडं बघत राहिली. सरांनी तिला भात मागितला.