माझ्या नावावर लाटलेले गुण

मी एक जुना श्वासमापक आहे, मित्रांनो. माझ्या नळीत जोराने फुंकले की छातीत किती दम आहे, ते मी कागदाच्या पट्टीवर रेघ ओढून सांगतो. जुन्या वस्तूने आपली कहाणी जरा हळवे होऊन सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. आज मला ते जमणार नाही. मी संतापलो आहे.

एका फरशीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात मी नवाकोरा आलो. तिथल्या सिस्टर दर महिन्याला कामगारांना माझ्यापुढे रांगेत उभे करत. त्यांत घासकामावरचा एक जण होता. यंत्रांच्या गोंगाटातही त्याची हाक गेटपर्यंत जाई, म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याने पहिल्यांदा फुंकले तेव्हा माझी रेघ पट्टीच्या वरच्या टोकाला टेकली. शाबासकी त्याला मिळाली, पण ताठ झालो मी.

घासकामात धूळ उडते आणि ती छातीत जाऊन बसते. वर्षागणिक रेघा खाली येऊ लागल्या. सिस्टरनी पट्ट्यांचा गठ्ठा कारखान्याच्या साहेबांपुढे ठेवला. लोकांच्या मनात उगीच भीती नको, असे म्हणत साहेबांनी मला कपाटात घातले आणि किल्ली स्वतःकडे घेतली. तीन वर्षे मी बँडेजच्या खोक्यांमागे बसून काढली. भोंगा पॅकिंगमध्ये बदली मागत होता, कारण तिथे धूळ नसते. दम लागतो याचा कागद आणा, असे साहेब त्याला सांगत. कागद देणारा मी, आणि मीच कुलपात. काय म्हणावे या न्यायाला?

सिस्टरनी आपली शिल्लक ईटीएफमध्ये गुंतवली होती. ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात मिळणारी एक टोपलीच. ती घेतली की शंभरेक कंपन्यांचा थोडा थोडा वाटा हाती येतो. सिस्टरनी मुद्दाम ‘जबाबदार’ म्हणवणारी टोपली निवडली होती, माणसांना आणि हवापाण्याला जपणाऱ्या कंपन्यांची. एका दुपारी डबा खाताना त्या तिच्यातल्या कंपन्यांची यादी वाचत होत्या, आणि घास त्यांच्या हातातच राहिला. यादीत आमचा कारखाना होता.

त्यांनी फंडाच्या कचेरीत फोन लावला. कंपन्यांना गुण देणारी संस्था वेगळी असते आणि ती कंपनीनेच भरलेल्या फॉर्मवरून गुण देते, असे कळले. सिस्टरनी तो फॉर्म मिळवला. कामगारांचा श्वास तपासण्याची सोय आहे का, असा त्यात प्रश्न होता. उत्तर होते, आहे. पूर्ण गुण! मित्रांनो, ती सोय म्हणजे मी. मला पाय असते तर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

सिस्टर जाब विचारायला गेल्या. एवढे खटकत असेल तर तुमचा वाटा विकून मोकळ्या व्हा, असे साहेबांनी सुचवले.

“विकला तर माझं मन साफ होईल, साहेब. भोंग्याची छाती नाही होणार,” सिस्टर म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात गुण देणाऱ्या त्या संस्थेचा तपासनीस फॉर्म पडताळायला आला. साहेबांनी मला बाहेर काढून, पुसूनबिसून टेबलावर मांडले. तपासनीसाने माझा फोटो काढला आणि तो निघू लागला. तेवढ्यात सिस्टरनी बाहेर थांबलेल्या भोंग्याला आत घेतले आणि नळी त्याच्या हातात दिली. त्याने फुंकले. खोकला. पुन्हा फुंकले. रेघ निम्म्यावरसुद्धा पोचली नाही. खोटे छापायला मी काही साहेब नव्हे.

“हे लिहा,” सिस्टर तपासनीसाला म्हणाल्या.

“यासाठी फॉर्मवर रकानाच नाही हो.”

“मग मागच्या बाजूला लिहा. ती कोरीच आहे.”

तो क्षणभर घुटमळला. मग त्याने फॉर्म उलटा केला आणि लिहिले.

भोंग्याने पट्टी फाडून साहेबांपुढे ठेवली. “कागद आणलाय, साहेब,” तो म्हणाला. एके काळी गेटपर्यंत जाणारा तो आवाज टेबलापलीकडे जेमतेम पोचला. साहेबांनी बदलीच्या अर्जावर सही केली, पण दया आली म्हणून नव्हे. तपासनीस बघत होता म्हणून.

कारखाना त्या यादीत राहिला की गेला, ते मला अजून कळलेले नाही. माझी किल्ली मात्र आता सिस्टरकडे असते, आणि रांग पुन्हा लागते. मित्रांनो, उद्या तुम्ही कमवाल आणि चांगल्या हेतूने पैसे कुठेतरी लावाल. तेव्हा यंत्र आहे का, एवढेच विचारून गप्प बसू नका. त्यात शेवटचे कुणी फुंकले, तेही विचारा.