मी डावीकडे ओढायचे

मी एक जुनी गाडी आहे. वय वर्षं एकवीस. रंग मुळात निळा, आता टपावर पांढुरका पडलाय. आजवर माझ्याकडे कुणी वळून पाहिलेलं नाही आणि त्याची खंतही नाही. पण एकदा माझ्या दुखण्याचा आळ दुसऱ्याच कुणावर आला, आणि मला तोंड नसल्यामुळे मी गप्प राहिले. ते मनातून जात नाही, म्हणून सांगते.

माझी धनीण पहिल्या दिवसापासून एकच. त्या रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. घरी येणारा इस्त्रीवालासुद्धा. मला घरी आणलं त्यांच्या नवऱ्याने, पण ‘हिचा क्लच मला जमत नाही’ म्हणत ते कायम शेजारीच बसायचे. ते गेल्यापासून त्या जागेवर सिस्टरांची पर्स बसते.

सिस्टरांच्या हातांचं रुग्णालयात नाव होतं. ज्या पेशंटची शीर कुणालाच सापडायची नाही, त्याच्याकडे त्यांना बोलावणं यायचं. त्याच हातांनी त्या माझं स्टेअरिंग धरायच्या. घट्ट नाही, सैल नाही.

निवृत्तीनंतर आमचा एकच ठरलेला फेरा उरला. सोमवारी आणि गुरुवारी त्यांच्या थोरल्या बहिणीला, ताईंना, व्यायामाच्या केंद्रात न्यायचं. ताईंची एक बाजू लुळी पडली होती. त्यांना गाडीत बसायलाच दहा मिनिटं लागायची. टॅक्सीवाले तेवढ्यात तीनदा घड्याळ बघत. मला आणि सिस्टरांना कसली घाई?

माझं दुखणं दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. पुढचं चाक एका लोखंडी हाताने माझ्या अंगाला जोडलेलं असतं. त्याच्या सांध्यात रबराचं जाड कडं असतं, त्याला बुश म्हणतात. माझ्या डाव्या बाजूचं ते कडं खड्डे खाऊन खाऊन फाटलं. उभी असताना काही कळायचं नाही. सरळ रस्त्याला तर अजिबात नाही. ब्रेक लागला की मात्र डावं चाक जरासं मागे सरकायचं, खाली ‘टक्’ असं वाजायचं आणि मी डावीकडे ओढायचे.

दुखणं पावलापावलाने आलं की माणसाला त्याची सवय होते. सिस्टरांनाही झाली. ब्रेक दाबताना त्यांचे हात आपोआप स्टेअरिंग उजवीकडे धरू लागले. त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. खांदा दुखायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, “वय झालं की व्हायचंच.”

मग एकदा फाटकाच्या खांबाला माझा डावा गाल घासला. त्यांचा मुलगा म्हणाला, “आई, चष्म्याचा नंबर बघून घे गं.” नंबर होता तोच निघाला. पुढचा डावा टायर एका कडेने झिजलेला दिसला, म्हणून मुलाने मला टायरच्या दुकानात नेलं. नवा टायर घातला, यंत्राने चाकांचा कोन तपासला. सगळं बरोबर. बरोबर असणारच, तिथे मी उभी होते. उभ्या माणसाचं लंगडणं कुणाला दिसतं?

आणि मग ती सकाळ आली. ताईंना सोडून आम्ही परतत होतो. अचानक एक कुत्रं आडवं आलं. सिस्टरांनी जोरात ब्रेक मारला. एवढी ओढ त्यांच्या हातांच्या हिशेबात नव्हती. मी झपकन डावीकडे गेले. तिथून सायकलवर एक शिक्षक चालले होते, ते थेट कुंपणाच्या झुडपात. नशीब, कोपर खरचटण्यावर निभावलं. सिस्टरांनी माझ्यातली औषधाची पेटी काढून त्यांची जखम पुसली. ते म्हणाले, “बाई, माझं राहू द्या. तुम्ही बसा जरा. पाणी प्या.”

घरी आल्यावर त्यांनी किल्ली मुलापुढे धरली. “घे. हात गेले रे माझे.”

मुलगा वाईट नव्हता. भ्यायला होता. त्याने किल्ली खिशात टाकली आणि सुटकेचा श्वास सोडला, तो मी ऐकला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी असते. आणि चोर तिथेच अंगणात उभा होता.

तीन आठवडे मी चादरीखाली होते. पहिला सोमवार मुलाने सांभाळला, मग त्याचं ऑफिस आडवं आलं. टॅक्सी झाल्या, मग खाडे झाले. एकदा खिडकीतून सिस्टरांचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. “असं नको करूस, ताई. मी येत नाही म्हणून तू व्यायाम कशाला सोडतेस?”

मुलाने मला विकायचं ठरवलं. निदान तो ‘टक्’ आवाज तरी घालवू, म्हणून तो मला पुलापलीकडच्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. लोक त्यांना कानसेन म्हणत. हत्यार उचलण्याआधी हा माणूस ऐकून घ्यायचा.

“कधी वाजतं? वळताना, खड्ड्यात, की ब्रेकला?”

“ते आईला माहीत. मी ही गाडी फारशी चालवत नाही.”

मिस्त्रींनी माझा पुढचा कोपरा दाबून सोडला. मी एकदा वर आले आणि स्थिरावले. “शॉकअप ठीक आहेत. चला, एक चक्कर मारू. तुम्ही चालवा.”

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, “आता हात सैल ठेवा आणि ब्रेक दाबा.”

मुलाने दाबला. मी डावीकडे गेले. त्याने घाबरून स्टेअरिंग खेचलं.

“पुन्हा दाबा.”

मी पुन्हा डावीकडे.

परत आल्यावर मिस्त्रींनी मला वर उचललं आणि सांध्यात पहार अडकवून रेटली. फाटलेलं रबर तोंड उघडल्यासारखं उघडलं. “पाणी इथं मुरतंय बघा. दोन वर्षांचं तरी दुखणं आहे.”

“पण आई तर कधी काही बोलली नाही.”

“बोलणार काय? त्या सांभाळून घेत होत्या. ब्रेकला गाडी अशी ओढत असताना दोन वर्षं नेऊन आणणारा हात साधा नाही, साहेब.”

मुलगा तिथल्या एका जुन्या टायरवर बसला. थोड्या वेळाने उठला आणि आईला घेऊन आला. सिस्टर माझ्याखाली वाकल्या, त्या चिरेत बोट घातलं. “गुडघ्याची गादी झिजते, तसंच हे,” त्या म्हणाल्या. मग नुसत्याच आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंची बुश बदलली, चाकांचा कोन लावला. पण सिस्टर गाडीत बसेनात. “माझा माझ्यावरचा भरवसाच उडालाय.”

“मैदानात चला,” मिस्त्री म्हणाले. “तिथं झाडही नाही.”

तिथे सिस्टरांनी ब्रेक दाबला आणि मी गेले उजवीकडे. त्यांचा चेहरा पडला. मिस्त्री मात्र हसले. “गाडी सुधारली, सिस्टर, पण हात अजून तिची काळजी घेताहेत. त्यांना सांगा, आता सुट्टी घ्या.”

दहा-बारा वेळा करून पाहिल्यावर मी सरळ थांबू लागले. मुलगा म्हणाला, “आई, चुकलं माझं. आधी गाडी बघायला हवी होती.”

“माझंही चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी तरी कुठे बघितली? ज्या दिवशी खरंच जमणार नाही, त्या दिवशी मीच सांगेन.”

“सांग. तोवर किल्ली तुझ्याकडे.”

आता माझ्या तळाला गंज धरलाय. मिस्त्री म्हणतात, अजून दोन-तीन वर्षं निघतील. तेवढी पुरेत. तुमच्याकडे कुणी जुनं असेल, गाडी असो वा माणूस, आणि काही वाकडं होऊ लागलं, तर निकाल देण्याआधी एकदा खाली वाकून बघा. एवढंच मागणं.

परवाच्या गुरुवारी मुलाने रजा काढली आणि तोही ताईंकडे आला. येताना पर्स मांडीवर घेऊन तो आईशेजारी बसला. आधी रस्त्याकडे बघत होता. दुसऱ्या चौकापर्यंत त्याची मान कलली. सिस्टरांनी माझा वेग थोडा कमी केला आणि घर येईपर्यंत त्याला झोपू दिलं.