बरणीतलं पिल्लू

बरणीच्या काचेआड लेबलाची एक कड हलत होती... कुणी हात लावला नव्हता, तरी हलत होती. त्यावर वडिलांचं मोत्यासारखं अक्षर – ‘मोठं पाकट. पिल्लू.’ संग्रहालयाच्या या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली. आता त्यांच्या खुर्चीत ती बसते, आणि आपले पाय जमिनीला पुरत नाहीत असं तिला उगाचच वाटत राहतं.

परवा तिने या चपट्या माशाच्या पिल्लाचं पोट उघडलं, तर आत एक पिल्लू निघालं. तळहाताएवढं, पंख अंगाभोवती गुंडाळून झोपलेलं. म्हणजे हे पिल्लू नव्हतंच कधी – ही पूर्ण वाढलेली आई होती, लहान चणीच्या, वेगळ्याच जातीची. काल दिवसभर एकेक बरणी उघडून पाहिली; वडिलांनी मोजलेली सगळी पिल्लं तसलीच. त्या पिल्लांच्या भरवशावर तर मोठं पाकट इतकी वर्षं धोक्यातल्या जातींच्या यादीत नुसतं ‘असुरक्षित’ राहिलं होतं – वीण चालू आहे, घाबरायचं कारण नाही! आता त्या यादीसाठी पाठवायच्या तक्त्यात दोन ओळी झाल्या. मोठ्यापुढे तिने ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिलं, लहानापुढे ‘संकटग्रस्त’. बिचारं, नाव मिळायच्या आधीच संपत आलेलं.

तक्ता संध्याकाळी पाठवायचा होता, आणि दुरुस्ती कुणाच्या नोंदीची, तेही त्यात लिहायचं होतं. लहानपणी वडील तिला याच बरणीपुढे उचलून धरायचे, ती काचेला नाक लावायची – मग खोलीतच पाणी भरायचं, कपाटांवरून पाकटं पंख हलवत संथ निघून जायची, आणि कमरेभोवतीचा त्यांचा हात तेवढा कोरडा राहायचा...

फोन वाजला. वडीलच.

“जेवलीस का गं, पिल्लू?”

“जेवले, बाबा.”

“आणि माझं ते बरणीतलं? स्पिरिट उतरलं असेल बघ त्याचं.”

“घातलं कालच. बाबा, ते पिल्लू–”

“काय झालं?”

“काही नाही. घरी आल्यावर बोलू.”

तिला राग आला. एकदा, एकदा तरी पोट उघडून पाहायचं होतं की हो, बाबा! आणि रागासरशी त्यांची इतकी माया दाटून आली, की नव्या लेबलाचा दोरा सुईत जाईना.

जुनं लेबल काढायचं नाही, नवं त्याच दोऱ्याला बांधायचं – ही या खोलीची रीत त्यांनीच तिला शिकवली होती. तिने बांधलं. दोन्ही लेबलं स्पिरिटमध्ये सावकाश फिरत राहिली, कधी त्यांचं अक्षर पुढे, कधी तिचं. तक्ता समोर तसाच होता, नोंद कुणाची ती जागा अजून कोरी. ती खुर्चीत टेकली, आणि तिच्या लक्षात आलं – पाय जमिनीला पुरत होते. कधीपासून, कोण जाणे.