बिऱ्हाडाचे कागद

आता या काकांना काय म्हणावं! जन्मभर कचेरीत बसून दुसऱ्यांचे कागद तपासले, शिक्का जरा फिका दिसला की माणसाला खुशाल परत पाठवलं. आणि स्वतःची मोटारहोम विकायची वेळ आली तेव्हा एका कागदाचं नाव काढेनात.

काकूंनी त्या गाडीला ‘बिऱ्हाड’ नाव ठेवलं होतं. आत ओटा, पलंग, टीचभर न्हाणीघर. घेतानाच त्यांनी ठणकावलं होतं, “नोंदणी दोघांच्या नावावर. निम्मं घर माझं, चाकांसकट!” त्यामुळे आता विकायला दोघांच्या सह्या हव्या होत्या. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. म्हणजे त्यांच्या मृत्यूचा दाखला हवा.

नोंदणीचं पुस्तक, विमा, कराच्या पावत्या, सगळं फायलीत कसं चोख लावलेलं. दाखला तेवढा नाही. लेक फोनवर रोज विचारायची, “बाबा, गेला होतात का?”

“जातो गं. पळून चाललाय का तो?”

“तो नाही, गिऱ्हाईक पळेल. गाडी घेणाऱ्या त्या नर्सबाई महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत. आणि तुमचे डोळे हे असे. गाडी चालवायचा परवाना संपत आलाय, तो पुन्हा मिळेल का तुम्हाला?”

काकांना सगळं कळत होतं. पण दाखला हातात घेतला की ती कागदोपत्रीही गेली, असं त्यांना वाटायचं. म्हणून आधी गाडीची तपासणी उरकून घेऊ, अशी त्यांनी पळवाट काढली.

सकाळी ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सवयीने ओरडले, “गॅस?” त्या दोघांची ही रीतच होती. काकांनी पुढून विचारायचं, काकूंनी मागून हात लावून बघायचं आणि “बंद!” म्हणायचं. खिडक्या? लावल्या! पायरी? आत! काही राहिलं असेल तर काकू “थांबा हो!” म्हणून असा आवाज काढायच्या की शेजारीपाजारी दचकावेत.

“पायरी?” काकांनी विचारलं. जरा वेळ थांबले. ‘थांबा हो’ काही आलं नाही. त्यांनी गाडी काढली, आणि बाहेरच राहिलेली पायरी फाटकाच्या खांबाला धडकून पार वाकडी झाली.

तपासनीस पायरीपाशी उकिडवा बसला. “निघताना बघितलं नाहीत का, काका?”

“बघणारी मागे असते.” काका थबकले. “म्हणजे, असायची.”

तपासनीसाने नोंदणीचं पुस्तक उघडलं. “या दुसऱ्या मालक? त्यांची सही लागेल.”

“ती गेली,” काका म्हणाले. परक्या माणसासमोर हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते. तपासनीस बिचारा उगाचच टायर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “पायरी दुरुस्त करून आणा. आणि तो दाखलाही घ्या.”

त्याच आठवड्यात काकांनी दाखला काढला. इतके महिने टाळलेलं काम, नगरपालिकेच्या खिडकीवर गेले आणि झालंसुद्धा! किती प्रती देऊ, म्हणून खिडकीतल्या मुलीने विचारलं. “एकच,” काका म्हणाले आणि दाखला न वाचताच त्यांनी फायलीत ठेवला.

नर्सबाई आल्या. मोठमोठ्याने बोलणारी, गोड बाई. गावोगावच्या दवाखान्यांत बदलीवर काम करायच्या. रोज नवी खोली शोधून जीव मेटाकुटीला आला म्हणाल्या. सह्या झाल्या. काकांनी त्यांना पाण्याची टाकी दाखवली, बॅटरी दाखवली, नवी पायरी दाखवली.

“आणि निघताना एकाने पुढून विचारायचं, दुसऱ्याने मागून—”

“अहो काका, मी एकटीच आहे.”

काकांनी नव्या पायरीवर हात ठेवला. “मग मोठ्याने विचारायचं आणि आपणच उठून बघायचं. उत्तराची वाट बघायची नाही. मी वाट बघत बसलो, म्हणून पायरी मोडली.”

नर्सबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आज तुम्ही विचारा,” असं म्हणून त्या मागे गेल्या.

काका दारापाशी उभे राहिले. “गॅस?”

“बंद!”

“खिडक्या?”

“लावल्या!”

“पायरी?”

“आत घेते, काका. सरका!”

बिऱ्हाड वळणापलीकडे दिसेनासं झालं. अंगणात चाकांखालचं गवत पिवळं पडलं होतं. काका ते बघत जरा उभे राहिले, मग घरात आले. त्यांनी कपभर चहा केला आणि कप घेऊन बाहेरच्या खोलीत बसले.

“गॅस?” त्यांनी विचारलं.

एवढंसं घर, पण त्या क्षणी त्यांना ते खायला उठलं. कप खाली ठेवून काका उठले, स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी बटणाला हात लावून बघितलं.

“बंद,” ते म्हणाले, आणि दिवा मालवून परत आले.